धार बारीक ठेव

विचिटात समुद्र बादलीत तयार होतो.
मोजून पाणी, मोजून मीठ,
रात्रभर घुसळत राहणारा एक छोटा पंप,
आणि सकाळी हेरंब बोट बुडवून चाखतो,
आमटी चाखावी तसा.
खारटपणा मोजायचं यंत्र आहे घरात. तरी चाखतो.

गेल्या जानेवारीत पिवळ्या टँगच्या अंगावर ठिपके आले.
अनारशावरची खसखस, अगदी तशी.
लेकीनं लहानपणी त्याचं नाव लिंबू ठेवलेलं.
आता ती टल्साला शिकते, फोनवर विचारते,
लिंबू खातोय ना?
मी म्हणते, खातोय.
तो दगडाला अंग घासत होता,
एक कूस, मग दुसरी.

हेरंबनं दिवा मागवला.
दिवा कसला, काळी नळी; आत काच, काचेत अतिनील उजेड.
नळीतून पाणी जातं,
पाण्यातले जीव पलीकडे मेलेले निघतात.
डोळ्यांनी थेट बघू नये, असं डब्यावर लिहिलेलं.
मेलेलेही दिसत नाहीत, जिवंतही नाहीत,
त्यामुळे विश्वासच ठेवायचा.

त्यानं पंप पूर्ण सोडला.
विमानाच्या पंखांचे रिव्हेट तपासणारा माणूस,
त्याचा हिशोब सरळ:
जितकं पाणी जास्त, तितकी सफाई जास्त.
मी इस्पितळात ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करते,
एकोणीस वर्षं झाली.
नुसता कढ येऊन भागत नाही,
कढ टिकावा लागतो.
हे मी बोलले नाही. बोलायला हवं होतं.

ठिपके वाढले.
माशांच्या दुकानातल्या डेलमरच्या मनगटावर मीठ वाळलेलं होतं.
तो म्हणाला, पाणी दिव्याला नुसतं शिवून पळतंय.
धार बारीक ठेवा.
आणि हेही म्हणाला की
कातडीत रुतलंय ते दिवा काढत नाही,
वाळूत गाठ मारून बसलंय तेही नाही.
गाठ फुटून, अंधारात, नवा मासा शोधत
जे पोहत निघतं, आणि त्यातलंही
जे नळीच्या वाटेनं येतं, तेवढंच.
तो टोलनाका म्हणाला.
मी मनात जकात नाका असं केलं, आणि मग मला पटलं,
आडवाटेनं गेलेला सुटतोच.

रात्री मी चावी फिरवून धार बारीक करायची.
सकाळी ती मोठी झालेली असायची.
चार दिवस.
आमच्याकडे भांडणं अशीच होतात, आवाज न करता.
पाचव्या सकाळी चावी मी ठेवली तिथेच होती
आणि शेजारी त्याच्या पेन्सिलीची बारीक खूण.

लिंबूला वेगळ्या टबात काढलं, तांब्याच्या औषधात.
तांब्याचं पाणी गुणाचं, आई म्हणायची.
तिनं मासा कधी पाळला नव्हता, नुसता तळला होता.
नवव्या दिवशी तो गेला.
या खेपेला फोनवर खरं सांगितलं.
ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली,
आणि बाकीचे?

बाकीचे आहेत. दोन क्लाउन, एक गोबी,
जो वाळूत राहतो आणि कुणाचं ऐकत नाही.

आज दिवा बदलतोय.
जुना अजून निळा पेटतो, पहिल्या दिवशी पेटायचा तसाच,
पण डेलमर म्हणतो, वर्षभरात जीव मारणारा उजेड संपतो,
उरतो तो दिसणारा.
दिसणारा तर कामाचा कधीच नव्हता.
काचेच्या नळीवर चुन्याचा थर बसलाय.
ती व्हिनेगरमध्ये बुडवलीय,
सगळ्या घराला लोणच्याचा वास.
हेरंब चिकटपट्टीवर तारीख लिहितो, मराठी आकड्यांत,
पेन्सिलीची खूण बघतो,
चावी तिथपर्यंत आणतो,
बोट बुडवतो, चाखतो.

ठीक आहे, म्हणतो.
पाणी, का आणखी काही,
हे मी विचारत नाही.